बावीस मे

लिएपायात वारा पत्राच्या आधी पोचतो.
म्हणून तिसऱ्या मजल्यावर, स्काइद्रीतेबाईंच्या दारात,
मी आधी टपालाची पिशवी आत ढकलते, मग स्वतः शिरते
आणि पाठीनं दार लावते.
नाहीतर टेबलावरच्या पट्ट्या उडतात,
मांजराला चिकटतात, खळीच्या वाटीत पडतात,
आणि आम्ही दोघी वीस मिनिटं जमिनीवर रांगत.

पट्ट्या गेल्या सालच्या कॅलेंडरच्या.
आमच्याकडे प्रत्येक तारखेखाली नावं छापलेली असतात.
ज्याचं नाव, त्याच्या घरी त्या दिवशी
बोलावणं नसलं तरी जायचं. केक असतोच.
बाई डिसेंबर संपू देतात.
मग छापखान्यातली चाळीस वर्षं मनगटात उतरतात,
पोलादी पट्टी, सुरी, एकच ओढ,
आणि मार्च उभा चिरला जातो.

नावं तुटतात.
"स्काइ" एका पट्टीवर, "द्रीते" शेजारच्या.
स्वतःचं नाव चिरतानाही
त्यांचा हात हलत नाही. एरवी हलतो,
चहाचा कप उचलताना तर फारच.

उभ्या पट्ट्या वरच्या टोकाला खळीनं धरायच्या.
आडवी घ्यायची: एकीवरून, एकीखालून,
पुढची नेमकी उलट.
जिथं बोट शिरत नाही तिथं विणायच्या सुईचं मागचं टोक.
"सरकव वर. अजून. आवळू नकोस, कागद आहे तो."
मध्ये मध्ये भावाच्या खोलीच्या भिंतीचा निळा कागद,
साखर कारखान्याची पगारपत्रकं,
नवऱ्याच्या समुद्राच्या नकाशातली
नऊ वाव, अकरा वाव अशी खोली.
असा चौकोन भरत येतो
आणि जूनमधली लीगा
नाताळच्या आदल्या दिवशीच्या इएवाला खेटून बसते.
वर्षभर ज्यांची गाठ पडायचं कारण नव्हतं
त्यांना आता एकमेकींशिवाय उभं राहता येत नाही.

कार्ड जायचं हॅमिल्टनला, बहिणीला, अऊस्माला.
विणलेला कागद जाड. काट्यावर दोन ग्रॅम जास्त.
मी टपाल खात्याची माणूस, गणवेशात,
दर वेळी ते दोन ग्रॅम दिसायच्या आत
खिडकीबाहेरची ट्राम बघायचे.

परवाच्या हिवाळ्यात एक परत आलं.
पाकिटावर जांभळा शिक्का: इथे राहत नाहीत.
मी आठवडाभर ते पिशवीच्या तळाशी फिरवलं.
मग दिलं.
त्यांनी शिक्का वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
पाकीट उलगडून टेबलावर सपाट केलं.
"शाई चांगली आहे," म्हणाल्या,
आणि पोलादी पट्टी ठेवली त्यावर.

मी काही बोलायला हवं होतं.
मी मांजराला दूध घातलं.

माझं नाव तामारिस. आजोबांच्या बोटीचं नाव ते,
कुठल्याच तारखेखाली सापडत नाही.
अशांसाठी कॅलेंडरात एक दिवस ठेवलाय, बावीस मे:
उरलेल्या सगळ्यांचा.
शाळेत मी त्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहायचे.

यंदा बावीस मेला मी जिना चढले
तर टेबल रिकामं, झाडून घेतलेलं, एक पट्टी नाही.
दाराशीच त्यांनी हातात दिलं.
पांढरं.
आधी वाटलं कोरंच आहे.
मग खिडकीच्या उजेडात वीण दिसली:
कॅलेंडरांचे काठ, नावांच्या बाहेरचे,
किती सालांचे कोण जाणे,
काही दुधाळ, काही दाताच्या रंगाचे.
पांढऱ्यावरून पांढरं, पांढऱ्याखालून पांढरं.
"तुझ्यासाठी चिरावं असं काही नव्हतं," त्या म्हणाल्या.
"हे साठवत होते."

केकही होता. थोडा करपलेला.

घरी आल्यावर मी ते काट्यावर ठेवलं, सवयच तशी.
आकडा सांगत नाही.
खालच्या कोपऱ्यात एक पट्टी चुकून
लागोपाठ दोघींखालून गेली आहे.
सोडवायला नख घातलं होतं मी,
मग काढून घेतलं.